बदलचिठ्ठी नसलेली भेट

नाताळच्या तिसऱ्या दिवशी ऑरहूस शहरातील समस्त जनता दोन भागांत विभागली जाते. एक भाग ज्यांना आलेल्या भेटवस्तू बदलून आणायच्या असतात त्यांचा, आणि दुसरा भाग त्यांना मोटारीने तेथवर नेणाऱ्यांचा. वीबेके त्या शनिवारी ही दोन्ही कामे एकटीच करीत होती. तिचा नवरा कार्स्टेन सकाळीच बदकाचे उरलेले मांस पावावर ठेवून खाऊन कोचावर आडवा झाला होता आणि डोळे न उघडताच म्हणाला होता, "तू जाऊन ये. घर सांभाळायला कुणीतरी पाहिजेच ना."

रेल्वे स्टेशनाला लागून असलेल्या त्या तीन मजली मॉलमध्ये पाऊल ठेवताच वीबेकेला नेहमी जरा हुशारी वाटत असे. बाहेर दहा वाजले तरी आभाळ शिशासारखे राखाडी असायचे. आत मात्र छताच्या काचेखाली हजारो दिवे लावून जणू एक खासगी उन्हाळाच मांडून ठेवलेला. सरकत्या जिन्यांवरून माणसे चढत होती, उतरत होती, आणि बहुतेकांच्या हातांत पुन्हा नीट घडी घातलेले तेच नाताळचे कागद नि त्याच पिशव्या होत्या.

वीबेकेच्या पिशवीत एक लोकरी जाकीट होते. मोहरीच्या रंगाचे, जाड विणीचे, पुढे शिंगासारखी मोठी बटणे आणि दोन्ही बाजूंना भाकरी मावेल एवढाले खिसे. मापाने तिला ते दोन आकडे तरी मोठे होते. आरशासमोर उभी राहून तिने ते घातले तेव्हा कार्स्टेन म्हणाला होता, "छान आहे. आत अजून एक माणूस राहील."

ते जाकीट तिला तिच्या वडिलांनी दिले होते.

आता या देशाची रीत अशी, की भेट देणाराच भेट बदलण्याची सोय करून देतो. दुकानदार वेष्टनाच्या तळाशी एक इवलीशी चिकटचिठ्ठी लावतो. तिच्यावर दुकानाचे नाव आणि मुदतीची तारीख असते, किंमत मात्र नसते. घेणाऱ्याने 'किती सुंदर!' म्हणावे, देणाऱ्याने 'बदलता येतं हं' म्हणावे, आणि मग मुकाट्याने जाऊन बदलून आणावे. यात कोणी कोणाचा अपमान मानीत नाही. वीबेकेच्या नणंदेने तिने दिलेल्या भेटी सात वर्षे ओळीने बदलल्या होत्या आणि तरीही त्या दोघींचे सख्ख्या बहिणींसारखे जमत होते. किंबहुना, म्हणूनच जमत होते असेही म्हणता येईल.

परंतु वडिलांनी दिलेल्या पुडक्यावर बदलचिठ्ठी नव्हती. वीबेकेने कागद उलटून पाहिला, खोका पालथा करून पाहिला, जाकिटाच्या खिशांत हात घालून पाहिले. चिठ्ठी नव्हतीच. मग तिने स्वतःशी असा निष्कर्ष काढला की, बाबा विसरले. कारण हे सर्व आजवर आई पाहत असे. पन्नास वर्षे 'आई-बाबांकडून' अशी अक्षरे लिहिलेले पुडके वीबेकेच्या हाती येई, आणि त्यात काय आहे हे बाबांना ते उघडल्यावरच कळे. आई, एल्से, एप्रिल महिन्यात वारली. आयुष्याच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बंदरावर क्रेन चालवण्यात जन्म घालवलेल्या एगॉन यांनी आपल्या मुलीसाठी स्वतः खरेदी केलेली ही पहिली भेट होती.

चिठ्ठीबद्दल विचारले तर त्यांना ओशाळल्यासारखे होईल, म्हणून वीबेकेने विचारले नाही. मनुष्य आपल्या सोयीला जेव्हा दयेचे नाव देतो तेव्हा ते नाव त्याला स्वतःलाही खरे वाटू लागते. चोवीस तारखेच्या संध्याकाळी झाडाभोवती फेर धरून झाल्यावर, भेटी उघडून झाल्यावर, ती बशा गोळा करीत असताना वडील म्हणाले होते, "ते जाकीट माझ्याकडे आणून ठेव हं. तिथंच लागेल." आणि ती म्हणाली होती, "हो हो बाबा. जरा पाय उचला."

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कपड्यांच्या दुकानात दाराशीच क्रमांकाचे यंत्र होते. वीबेकेने चिठोरे ओढले. एकसष्ट. फलकावर अडतीस लागलेला होता. रांगेतली माणसे एकमेकांपासून हातभर अंतर राखून, एकमेकांकडे न पाहता, अत्यंत सुसंस्कृतपणे ताटकळत उभी होती.

तिची पाळी आली तेव्हा समोर चष्म्याला साखळी लावलेली, पन्नाशी उलटलेली विक्रेती होती.

"चिठ्ठी?"

"नाहीये हो. वडील विसरले."

"पुरुष!" विक्रेतीने एका शब्दात अख्ख्या जातीचा निकाल लावला. "आमच्याकडे तर गुंडाळायचंही विसरतात. पिशवीतून काढतात आणि हातात देतात, घे म्हणून! पण काय आहे ना ताई, चिठ्ठी नाही, पावती नाही, तर मला मोठ्या बाईंना विचारावं लागेल, आणि त्या गेल्यात चहाला."

वीबेकेच्या मागे बासष्ट, त्रेसष्ट आणि चौसष्ट उभे होते. बासष्टने घसा खाकरला.

"त्यांना सवय नाही हो," वीबेके म्हणाली. "आमची आई एप्रिलमध्ये गेली. आधी सगळं तीच करायची."

विक्रेतीचा चेहरा एकदम निवळला. "अरेरे. आणा इकडे. विचारायचं काय त्यात."

तिने जाकीट उलगडले, आतली पट्टी यंत्राखाली धरली, आणि काम झाले. वीबेकेने त्याच्या बदल्यात एक काळा रेशमी ब्लाउज घेतला. कार्स्टेनच्या साहेबांकडे एकतीस तारखेला जायचे होते, आणि तिकडे मोहरीच्या रंगाचा काही उपयोग नव्हता. ब्लाउजची पिशवी हातात घेताना मात्र तिला छातीत कोठेतरी बारीकशी टोचणी लागली. चिठ्ठीच्या जागी आपण आईचे मरण चिकटवले, असा विचार तिच्या मनात आला. पण तो तिने झटकून टाकला. खोटे तर काही बोललो नव्हतो.

ती तशीच निघून गेली असती तर ही कथा येथेच संपली असती, आणि वीबेकेच्या मनाला कदाचित जन्मभर काही लागले नसते. परंतु दाराजवळच हातमोजे मांडलेले होते, आणि ते निम्म्या किमतीत होते. ती थांबली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक तरुण विक्रेती परत आलेले कपडे हातावर घेऊन बाहेर आली. तिच्या छातीवर 'टिल्डे' असे नाव लावलेले होते. ती एकेक कपडा खुंटाळ्यावर अडकवू लागली, आणि ते जाकीट हाती येताच जागच्या जागी थबकली.

"अय्या! हे तर त्या आजोबांचं!"

आजूबाजूला तिची सहकारी कोणी नव्हती, म्हणून तिने जवळच्या गिऱ्हाइकाकडेच पाहिले. आणि जवळचे गिऱ्हाईक वीबेके होती.

"कुठले आजोबा?" वीबेकेने विचारले. तिच्या हातात डाव्या हाताचा मोजा होता.

"अहो, चार वेळा आले होते ते. पहिल्या दिवशी नुसते दारात उभे, टोपी हातात घेऊन. मला वाटलं बायको आत असेल. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, आजोबा, कुणासाठी बघताय? तर म्हणाले, मुलीसाठी. माप काय? तर म्हणे माहीत नाही. मी म्हटलं, बरं, ती तुमच्याकडे येते तेव्हा काय घालून येते? म्हणाले, कोट. मी म्हटलं, अहो, पण कोटाच्या आत? तर म्हणाले..." टिल्डे हसली, पण ते हसू मध्येच विरले. "म्हणाले, 'ते एवढ्यात पाहिलेलं नाही.'"

वीबेकेने तो मोजा उलटसुलट करून पाहिला.  

"म्हणजे बघा ना," टिल्डे जाकिटाच्या बाह्या नीट करीत म्हणाली, "त्यांच्या घरात तिला थंडी वाजते, असं त्यांचं म्हणणं. दर गुरुवारी येते आणि कोट घालूनच बसते म्हणे. म्हणाले, मी हीटर तेवीस अंशांवर नेला, मग चोविसावर, आता पंचविसावर आहे. मी स्वतः बनियनवर बसतो, पण तिचा कोट काही उतरत नाही. म्हणून काहीतरी उबदार द्या, सैल द्या, पाय वर घेऊन ऐसपैस बसता आलं पाहिजे. मग मीच हे घालून दाखवलं त्यांना. तिथं त्या खुर्चीवर बसूनही दाखवलं! म्हणाले, हां, अस्संच."

"आणि चिठ्ठी?" वीबेकेने विचारले. आपण हे का विचारीत आहोत, हे तिचे तिलाच कळेना.

"तीच तर गंमत! मी लावली होती. तर म्हणाले, काढा ती. म्हटलं आजोबा, असू दे, सगळेच लावतात. तर म्हणाले, 'हे माझ्या घरी खुंटीवर राहणार आहे. तिला बदलायचं काही कारणच नाही.' आणि स्वतः नखानं खरवडून काढली." टिल्डेने सुस्कारा सोडला. "आणि आज आलंसुद्धा परत. धड तीन दिवस नाही झाले. काय एकेक मुली असतात!"

"कदाचित तिला माहीत नसेल."

"माहीत नसेल कसं? बापाच्या घरी कोट घालून तीच बसते ना? का दुसरं कुणी तिच्या अंगात कोट घालतं?"

वीबेकेने मान वर केली. पलीकडे गल्ल्यापाशी चष्म्याला साखळी लावलेली ती विक्रेती तिच्याकडेच पाहत होती. तिला सर्व ऐकू गेले होते आणि ती मुलगी कोण हेही ठाऊक होते. दोघींची नजर क्षणभर एकमेकींत अडकली. मग त्या बाईने फलकाकडे तोंड वळवले आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात पुकारले, "पासष्ट! पासष्ट आहेत का?"

त्या सभ्यपणाची वीबेकेला एखाद्या चपराकीहूनही अधिक लाज वाटली.

ती खालच्या मजल्यावर येऊन कॉफी घेऊन बसली. कॉफी निवत गेली. समोरून माणसे पिशव्या घेऊन जात होती, आणि वीबेके आठ महिन्यांच्या गुरुवारांचा एकेक करून झाडा देत होती.

बाबांचा तिला कंटाळा होता असे नव्हे. आई असताना त्या घरात आईच बोलत असे. शेजारणीचे गुडघे, मासळीचे भाव, चर्चमधल्या नव्या पाद्रिणीचे केस. बाबा पेपरामागे असत आणि वीबेके हसत असे. आई गेली आणि त्या घरात दोन माणसे उरली, ज्यांना एकमेकांशी बोलण्याचा कधी प्रसंगच पडला नव्हता. पहिल्या गुरुवारी ती कोट घालून बसली, कारण डोळे भरून येतील अशी तिला भीती वाटली आणि पटकन उठता यावे असे वाटले. दुसऱ्या गुरुवारी तसेच बसणे सोपे गेले. नंतर ती सवय झाली. गाडी किती वाजता उभी केली हे दाखवणारी तबकडी काचेमागे ठेवतात, तिचे निमित्त तिने शोधून काढले होते. "तासाभराचीच लावलीय बाबा, दंड होईल," असे म्हणून ती चाळिसाव्या मिनिटाला उठत असे. लिस्ट्रुपमधल्या त्यांच्या इमारतीसमोर गाडी वर्षभर उभी केली तरी कोणी विचारीत नाही. आणि बाबा त्या इमारतीत सव्वीस वर्षे राहत होते.

म्हणजे त्यांना ठाऊक होते. निदान तबकडीचे तरी.

मग कोटाचे काय? थंडी वाजते, असे त्यांनी खरोखरच मानले होते, की मानायचे ठरवले होते? आपल्या मुलीला आपल्याजवळ बसवत नाही, या गोष्टीवर एकोणऐंशी वर्षांच्या मनुष्याला काय इलाज करता येणार? थंडी ही एकच गोष्ट अशी होती, की जी एक बटण फिरवून दुरुस्त करता आली असती.

ती उठली. ते जाकीट परत घ्यायचे, आत्ताच्या आत्ता घ्यायचे, आणि येत्या गुरुवारी त्यांच्या खुंटीवर नेऊन अडकवायचे. म्हणजे त्यांना काहीच कळणार नाही. सरकत्या जिन्यावरून ती पळतच वर गेली. ऑरहूसमध्ये सरकत्या जिन्यावरून सभ्य माणसे पळत नाहीत.

खुंटाळ्यावर जाकीट नव्हते.

"टिल्डे," ती धापा टाकीत म्हणाली, "ते मोहरीच्या रंगाचं. मघाचं. कुठंय?"

"कपडे घालून बघायच्या खोलीत गेलं एका काकूंबरोबर. का हो, तुम्हाला आवडलं होतं? मघाशी बोलायचं नाही का!"

"ते माझं आहे." वीबेकेने श्वास घेतला. "ती मुलगी मीच."

टिल्डेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मघाशी आपण काय काय बोललो ते तिला आठवले असावे. "अगं बाई," एवढेच ती म्हणाली. आणि मग अगदी हळू आवाजात, "मी काही… म्हणजे माझा तसा…"

"तू बरोबरच बोललीस."

पडद्यासमोरच्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ मांडीवर बायकोची पर्स घेऊन बसले होते. पडदा सरकला आणि एक उंच, धिप्पाड काकू बाहेर आल्या. जाकीट त्यांच्या अंगावर असे बसले होते, की जणू विणणारीने त्यांनाच समोर उभे करून विणले असावे.

"कसं दिसतंय, प्रेबेन?"

"गेल्या आठवड्यातल्यासारखंच."

"गेल्या आठवड्यात निळं होतं, मेल्या!"

"हो का? मग जास्तच छान."

वीबेके पुढे झाली. अनोळखी माणसाच्या अंगावरचा कपडा मागणे ही गोष्ट तिने आयुष्यात कधी केली नव्हती. तिच्या ओळखीच्या कोणीही केली नव्हती. "माफ करा हं काकू. हे जाकीट… ते खरं म्हणजे माझं आहे. मी सकाळी परत केलं. चुकून."

काकूंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "तुझं? तुला तर हे तंबूसारखं होईल."

"वडिलांनी दिलं होतं."

"देऊन टाक गं, रागनहिल," प्रेबेन म्हणाले. "तुझ्याकडे आठ आहेत."

"तू पर्स सांभाळ. तेवढंच काम दिलंय तुला." काकू वीबेकेकडे वळल्या. "बदललंस ना? मग झालं की. बदलायलाच देतात माणसं. माझ्या सुनेनं आज सकाळी माझी केटली बदलली, मी काय रडत बसले?"

मग वीबेकेने तेथेच, पडद्यासमोर, टिल्डेच्या आणि प्रेबेनच्या देखत सर्व काही सांगितले. कोट, हीटर, गुरुवार, आणि खरवडून काढलेली चिठ्ठी. आईचे नाव मात्र तिने या वेळी घेतले नाही. बोलता बोलता तिचा आवाज फाटला, आणि प्रेबेन यांनी अत्यंत सौजन्याने आपली दृष्टी पर्सच्या कडीकडे वळवली.

काकू ऐकत राहिल्या. त्यांचा एक हात खिशात होता. 

"आणि हे नेऊन तू काय करणार?" शेवटी त्यांनी विचारले.

"त्यांच्या घरी ठेवीन. गेल्यावर घालीन."

"म्हणजे थंडी वाजतेय म्हणून."

"हो… म्हणजे…"

"पण थंडी वाजत नाही ना तुला."

वीबेकेने नकारार्थी मान हलवली.

"मग पोरी, कोटाचं खोटं झाकायला तुला जाकीट पाहिजे," रागनहिल काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य आत रुतले. "एक काढशील आणि दुसरं चढवशील. मी दगडाच्या काळजाची नाही गं, पण त्यासाठी मी माझं जाकीट द्यायची नाही. मला हे आवडलंय, आणि मला खरंच थंडी वाजते. हो की नाही रे?"

"जूनमध्येसुद्धा," प्रेबेन म्हणाले.

त्या दोघांना गल्ल्याकडे जाताना वीबेके पाहत राहिली. गर्दीत दूरवर तो मोहरीचा रंग बराच वेळ दिसत होता. तिला काकूंचा संताप यायला हवा होता. तो येत नव्हता.

गुरुवार पाच दिवसांवर होता. पण ती गाडीत बसली आणि लिस्ट्रुपच्या दिशेने वळली. कार्स्टेनला तिने फोन करून सांगितले, "मी बाबांकडे चाललेय, उशीर होईल." तो म्हणाला, "का, काय झालं त्यांना?" ती म्हणाली, "त्यांना काही नाही झालेलं."

एगॉन यांनी दार उघडले ते बनियनवर. त्यांच्या मागून भट्टीचे तोंड उघडावे तशी ऊब बाहेर आली.

"तू?" ते गोंधळून म्हणाले. "आज गुरुवार आहे का?"

"नाही बाबा. शनिवार."

"मग काय झालं?"

"काही नाही. आले."

ती आत आली आणि दारातच उभी राहून तिने कोटाची बटणे काढली. आठ महिने ज्या घरात ही साधी गोष्ट घडली नव्हती, तेथे ती घडताना वडील इतके अवघडून पाहत होते, की आपण काही अनुचित करीत आहोत असे तिला वाटले. कोट कोठे ठेवावा हे दोघांनाही सुचेना. शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि आतल्या पलंगावर नीट पसरून ठेवला, जसा पाहुण्यांचा ठेवतात.

परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत एक चमक होती. त्यांची दृष्टी तिच्या हातातल्या पिशवीकडे गेली. दुकान तेच, पिशवी तीच.

"आणलंस वाटतं?"

असत्य तिच्या जिभेवर तयार होते. घरी विसरले, धुवायला टाकलेय, कार्स्टेनला बसले. तीन होती, आणि तिन्ही चांगली होती. "नाही बाबा," ती म्हणाली. "मी ते बदललं. आज सकाळी."

एगॉन यांनी खुर्चीची पाठ धरली. "पण चिठ्ठी नव्हती."

"मी सांगितलं, आई गेली म्हणून तुम्ही विसरलात. मग त्यांनी घेतलं."

हे सांगण्याची काही आवश्यकता नव्हती. ते त्यांना कधीच कळले नसते. पण तेवढे एक मागे ठेवले असते तर बाकीचे सांगणे फुकट गेले असते, असे तिला वाटले. वडिलांचा जबडा हलला. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले, जणू बंदरावर एखादी अवजड वस्तू हवेत लोंबकळत आहे आणि ती सावकाश, कोणाला न लागता, खाली उतरवायची आहे.

"म्हणजे तुला थंडी वाजत नव्हती," ते म्हणाले.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही बाबा."

त्यांनी खुर्चीची पाठ सोडली. प्रथम बैठकीचा हीटर बंद केला, मग स्वयंपाकघरातला, मग झोपायच्या खोलीतला. प्रत्येक बटणाची कुरकुर तिने उभ्या जागी ऐकली. मग त्यांनी खिडकी सताड उघडली, आणि डिसेंबरची हवा आत आली.

"आठ महिने उकडून निघालो मी," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "सांगायचं तरी."

वीबेकेला हसू फुटले. पण ते वळले नाहीत, आणि त्यांची पाठ हसत नव्हती.

"मग काय होतं?" त्यांनी विचारले.

"बोलायला काही नसायचं. आई असताना तीच बोलायची. मला तुमच्यासमोर काय बोलावं कळायचं नाही, आणि तुम्ही माझ्याकडे बघत राहायचात."

"मलाही कळायचं नाही."

"माहितीये."

"माझी चूक झाली असेल काही."

"नाही हो बाबा!" ती जवळजवळ ओरडली. कारण यापेक्षा त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिला परवडले असते. "तुमची नाही. माझी."

 तुझीही नाही, असे ते म्हणाले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कॉफी केली, डब्यातून नाताळची कड्यांसारखी गोल बिस्किटे काढली आणि तिच्यासमोर ठेवली. त्यांनी अंगात सदरा चढवला, बटणे लावली. मग दोघे बसले. त्यांनी पेपर उघडला. तिने बिस्किटे खाल्ली. पाव तास गेला, अर्धा तास गेला. बोलण्यासारखे काही सुचत नव्हते, हे आठ महिन्यांपूर्वी जसे खरे होते तसेच आजही खरे होते. पण आज तिला उठायचे नव्हते, आणि हे त्यांना कसे कळवावे, ते तिला समजत नव्हते. चाळिसावे मिनिट आले तेव्हा बाबांनी पेपरावरून घड्याळाकडे पाहिले आणि पाय जवळ घेतले, तिला निरोप द्यायला उठायच्या बेताने. ती हलली नाही. थोड्या वेळाने त्यांनी पाय पुन्हा लांब केले.

खोली थंड होत गेली. हीटर बंद होते, खिडकी सताड उघडी होती आणि बाहेर साडेतीनलाच दिवस मावळू लागला होता. वीबेकेच्या अंगात एक पातळ सुती सदरा होता. तिच्या बोटांची नखे निळसर झाली. तिने हात बगलेत घातले, पुन्हा काढले. या घरात, या खुर्चीवर बसून, त्या एका गोष्टीबद्दल चकार शब्द काढण्याचा अधिकार आपण घालवून बसलो आहोत, असे तिला वाटत होते. तिने दात आवळून धरले.

एगॉन यांनी पेपर खाली केला.

"थंडी वाजतेय?"

"हो बाबा," ती म्हणाली. "आता खरंच वाजतेय."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.  मग टेबलावरून हात पुढे करून त्यांनी तिची बोटे चाचपून पाहिली, आणि ती गार लागली तेव्हाच ते खिडकी लावायला उठले.